शेवटचा रकाना

बीड जिल्ह्यात सहलीला कोणी जात नाही. मीही सहलीला गेलो नव्हतो. मला तिथून एक पान आणायला पाठवलं होतं.

कसलं पान, हे सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं, आणि ते सांगू लागलो की ऐकणारा घड्याळाकडे बघतो, म्हणून झटपट उरकतो. विमा कंपन्या विमा विकतात. त्या सरळ वागतात की नाही यावर डोळा ठेवायला देशोदेशी एकेक कार्यालय असतं. हैदराबादच्या अशा कार्यालयात मी पंचवीस वर्षं खुर्ची झिजवतोय. या सगळ्या कार्यालयांची मिळून एक जागतिक संघटना आहे. येत्या पाच वर्षांत विम्यावर कशी देखरेख करायची, कुठल्या धोक्यांकडे आधी बघायचं, याचा आराखडा ती वेळेआधीच लिहून ठेवते. यंदा तो लिहिणाऱ्या समितीत माझी वर्णी लागली आणि मी ऱ्हाईन नदीकाठच्या एका शहरात जाऊन बसलो.

तिथे सगळं शांत. ट्राम वेळेवर, कॉफी वेळेवर, आणि माणसं पाच वर्षांनंतरच्या गोष्टी अशा बोलतात की उद्याच्या डब्याची भाजी ठरवताहेत असं वाटावं. आराखड्यात एक प्रकरण होतं, ज्यांच्यापर्यंत विमा पोचतच नाही अशा माणसांबद्दल. समितीच्या अध्यक्ष इंग्रिडबाई, साठीच्या, हातात सदा एक आखूड पेन्सिल. त्यांनी ते प्रकरण वाचलं आणि म्हणाल्या, "हे सगळं विमा असलेल्या माणसांनी लिहिलंय." मग फर्मान निघालं. प्रत्येकाने आपापल्या देशातल्या एखाद्या आडबाजूच्या भागात पाच दिवस राहायचं, माणसांशी बोलायचं आणि एक पान भरून आणायचं.

पानावर रकाने छापलेले होते. नाव, व्यवसाय, गाव, काय म्हणाले. शेवटचा रकाना असा: पाच वर्षांनी या व्यक्तीला पुन्हा भेटता येईल का? हो किंवा नाही. आराखड्याची मुदत संपली की याच माणसांकडे परत जायचं आणि तुमच्यासाठी काय बदललं ते विचारायचं, अशी बाईंची कल्पना. ज्याच्यापुढे ‘नाही’ असेल त्याचं म्हणणं आराखड्यात घ्यायचं नाही. मला हा नियम एकदम पटला. एका चुकीच्या खुणेपायी मी कंपन्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले आहेत, आणि कार्यालयात त्याबद्दल मला मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

मी बीड निवडलं, कारण ती माझी सासुरवाडी. कांता, माझी बायको, नेकनूरची. चार वर्षांपूर्वी ती गेली आणि तेव्हापासून मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. कामाचं निमित्त नसतं तर आताही टाकलं नसतं.

पिशवीत आणखी एक कागद होता. लग्नानंतर, या नोकरीच्या आधी, मी तेलगावच्या शाळेत गणित शिकवत होतो. तेव्हा उतरवलेल्या माझ्या पहिल्यावहिल्या विम्यावर वारस म्हणून कांताचं नाव आहे. मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. माझी मुलगी प्रज्ञा पुण्याला असते. ती म्हणाली, "बाबा, वारसाची नोंद ताजी ठेवा म्हणून जगाला सांगता आणि स्वतःच्या पॉलिसीवर अजून आईचंच नाव?" तिने वारस बदलण्याचा अर्ज स्वतःच्या नावाने भरून माझ्या पिशवीत घातला. फक्त माझी सही आणि एका साक्षीदाराची सही राहिली होती. चार वर्षं मी ती सही टाळत होतो.

आष्टी

आष्टीत मी पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलो. प्रश्नावलीचं मराठी भाषांतर मी स्वतः केलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. ती घेऊन बाजारपेठेतल्या एका चहाच्या हॉटेलात बसलो. मालकाला विचारलं, ऊसतोडीला जाणाऱ्या चार-सहा कुटुंबांशी बोलता येईल का?

त्याने कपात चहा ओतता ओतता माझ्याकडे पाहिलं. "साहेब, माणसं दसऱ्याच्या पुढंच गेली कारखान्याला. आता येतेल ती पाडव्याच्या मागं-पुढं. तुमी डिशेंबरात कावून आलाव?"

पुढल्या पाच वर्षांचं नियोजन करणाऱ्याला चालू महिन्याचा पत्ता नव्हता. मालकाला माझी दया आली असावी. त्याने बिस्किटाचा पुडा फोडला आणि कुणाला तरी फोन केला. तासाभरात हॉटेलापुढे म्हातारी माणसं जमली. प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स. फॉर्म घेऊन कोणी साहेब आला की झेरॉक्स द्यायची, ही सवय इतकी मुरलेली की मी नको नको म्हणेपर्यंत माझ्या मांडीवर थप्पी झाली. एका आजोबांनी तर दोन दिल्या, एक त्यांच्या लांब गेलेल्या मुलाची.

मग मी प्रश्न वाचू लागलो. उत्तरं सगळी ‘हो’. विमा माहीत आहे का, हो. उपयोग झाला का, हो. समाधानी आहात का, हो. विमा उतरवलेला नसतानाही हो. मी वैतागून एका आजीबाईंना म्हटलं, "आजी, नसेल तर नाही म्हणा ना."

"बाबा, तू एवढ्या लांबून आलास," त्या म्हणाल्या, "तुला न्हाई कसं म्हनू?"

ऱ्हाईनकाठी माणसं ‘नाही’ इतक्या सहज म्हणतात की पहिल्या दिवशी मला राग आला होता. इथे पाहुण्याला ‘नाही’ ऐकवणं म्हणजे त्याला उपाशी लावून देणं. माझी सगळी प्रश्नावली त्या सौजन्यात बुडाली. येत्या पाच वर्षांत कशाची भीती वाटते, या प्रश्नावर तर आजींनी तोंडावर पदरच धरला. "असलं तोंडातून काडू ने. पोरं-सुना सुखरूप येऊ दे म्हन." तेही मी लिहिलं नाही, कारण ते उत्तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

शेवटी विचारलं, "आजी, पाच वर्षांनी मी परत आलो तर भेटाल का?"

त्या दात नसलेल्या तोंडाने खळखळून हसल्या. "ये की! असले तर च्या पाजीन."

असले तर. माझ्या पानावर हो होतं आणि नाही होतं. मी पेन हातात धरून बसलो आणि शेवटी ती ओळच सोडून दिली. झेरॉक्सची थप्पी हॉटेलमालकाच्या हवाली केली आणि ज्याची त्याला परत द्या म्हणून बजावलं.

आष्टी ते बीड

बीडला मी रेल्वेने गेलो. हे एक वाक्य वाचून बीडबाहेरच्या माणसाला काही वाटायचं नाही. पण कांता दुसरी-तिसरीत असताना तिच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं की आता बीडला रेल्वे येतेय. मग तिचं लग्न झालं, प्रज्ञा झाली, आम्ही हैदराबादला गेलो, केस पिकले, आणि रेल्वे येतच राहिली. दर दिवाळीला एसटीतून उतरताना ती कंबर धरून म्हणायची, "एकदा तरी मी माहेरी रेल्वेनं येनार बगा. स्टेशनावर माज्या भावाला बोलवनार, सामान उचलायला."

आता गाडी आली आहे. बाहेर ज्वारी कंबरेच्या वर उभी होती, अधूनमधून तुरीच्या ओळी, आणि लांबवर बालाघाटचे उघडे डोंगर. समोरच्या बाकावरचा माणूस फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होता, "आरं रेल्वेत हाय बे, रेल्वेत! आपल्या!" त्याचा आनंद पाहून मला हसू आलं. तिला ही गाडी बघायला मिळायला हवी होती. बाकी मला काही सुचलं नाही, आणि बीड येईपर्यंत मी हेच वाक्य मनात घोळवत होतो.

नेकनूर

मिलिंद, कांताचा धाकटा भाऊ, एसटीत कंडक्टर आहे. नेकनूरच्या स्टँडवर तो मला घ्यायला आला होता. "जयभीम, दाजी," म्हणाला, पिशवी हातातून घेतली आणि माझ्या पुढे झपझप चालू लागला. मिलिंद एरवी गाडीभर माणसांशी गप्पा मारणारा गडी. मी समजलो.

घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली कांताचा फोटो. त्याच्याकडे बघायचं टाळून मी सरळ जेवायला बसलो. मिलिंदची बायको उज्ज्वला हिने हुलग्याचे शेंगोळे केले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून घट्ट मळायचं, हातावर बोटभर वळकट्या वळायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. थंडीत हे खाल्लं की कानाच्या पाळ्या गरम होतात. हैदराबादच्या हुलग्याला ती चव नाही म्हणून कांता माहेराहून येताना पीठ आणायची आणि कुणी पाहुणा आला तरी ते काढायची नाही. पहिल्या घासाला मला कळलं, चव तीच आहे, फक्त वळकट्या जाड आहेत. कांताच्या बारीक असायच्या, पेन्सिलीएवढ्या. चार वर्षांत मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगायला समोर समजणारं माणूस नव्हतं.

"ताईवानी बारीक मला जमत न्हाईत," उज्ज्वला म्हणाली. मी काही बोलायच्या आतच.

जेवण झाल्यावर चष्म्याचं घर काढायला मी पिशवीत हात घातला आणि तो अर्ज बाहेर पडला. मिलिंदने उचलला. कंडक्टरला कागद पटकन वाचायची सवय असते.

"ताईचं नाव काडायला आलाव व्हय, दाजी?"

"आवो, तेंच्या कामाचं असतंय," उज्ज्वला मध्ये पडली.

"कामाचं हाय म्हनूनच इचारलं," तो म्हणाला आणि अर्जाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. त्यानंतर तो गोठ्याकडे गेला तो बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला शेतात नेलं. ज्वारी अजून कोवळी होती. त्याने गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसं भाजली आणि तळहातावर चोळून हिरवा हुरडा माझ्या पुढ्यात टाकत राहिला. सोबत लसणाची चटणी आणि गूळ.

"चार वर्सं इकडं फिरकलाव न्हाई," तो आगटीकडे बघत म्हणाला. "आमी काय चुकलो का?"

"तुम्ही नाही चुकलात रे. मला इथे यायची भीती वाटायची. इथे प्रत्येक गोष्ट तिने दाखवलेली आहे. यायचं आणि ती नाही, हे मला जमणार नाही असं वाटत होतं."

"आनि आमाला जमतंय व्हय?"

त्याने आणखी एक कणीस चोळलं, फुंकर मारून भुसा उडवला आणि दाणे मला दिले. मग जरा वेळाने आपणहून म्हणाला, "वडील तिला प्रश्नपत्रिका म्हनायचे. मास्तर फळ्याकडं वळले की हिचा हात वर. गावात कीर्तनकार आलते एकदा, तेंला बी सोडलं न्हाई." तो हसला. मीही हसलो. तिच्याबद्दल आम्ही दोघं मिळून हसलो, हे चार वर्षांत पहिल्यांदा झालं.

उठताना मी धीर करून म्हटलं, "मिलिंद, साक्षीदार म्हणून तू सही करशील?"

"न्हाई करनार," तो म्हणाला. अख्ख्या बीड जिल्ह्यात मला मिळालेलं ते पहिलं स्वच्छ ‘नाही’. "तेलगावला जावा. मन्मथअप्पा हाईत अजून. ज्येंनी तिचं नाव घातलं, तेंनाच काडू द्या."

निघताना उज्ज्वलाने एका पिशवीत हुलग्याचं पीठ बांधून दिलं. मी एकटा त्याचं काय करणार, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी पिशवी घेतली.

तेलगाव

तेलगावच्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रांग होती, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. शाळा मला ओळखू आली नाही. तिच्या मागे आमची भाड्याची खोली होती, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. मी दुकानात शिरलो, काहीतरी घ्यायला हवं म्हणून एक चार्जर घेतला आणि बाहेर आलो. चूल कुठे होती, हे त्या काचेच्या कपाटांमुळे कळतच नव्हतं.

मन्मथअप्पा वाणी. किराणा दुकान वडिलोपार्जित, आणि जोडीला विमा एजंट. आता वय ऐंशीच्या पुढे, कपाळावर भस्माचे पट्टे, दुकान मुलगा बघतो, हे पोत्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात.

"मास्तर!" त्यांनी मला लगेच ओळखलं. "लई दिसांनी. आनि मास्तरीनबाई?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

अप्पांची विमा विकायची एक पद्धत होती. पहिल्या खेपेला येऊन नुसता चहा प्यायचा. दुसऱ्या खेपेला घरातल्या सगळ्यांची चौकशी करायची. तिसऱ्या खेपेला अर्ज काढायचा, तोही एका अटीवर: वारस म्हणून ज्याचं नाव लिहायचं ते माणूस समोर बसलं पाहिजे. बायका आतूनच ऐकायच्या असा तो काळ, पण अप्पा हटायचे नाहीत. "जिच्यासाठी इमा हाय तिलाच ठावं न्हाई, असं कसं चालंल?" आज या गोष्टीवर आम्ही जगभर परिपत्रकं काढतो. अप्पा ते मोपेडवर फिरून करत होते.

तर आमच्या त्या खोलीत अप्पांनी कांताला बाहेर बोलावलं. ती ओले हात पदराला पुसत येऊन बसली. अप्पांनी सगळं समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "यांना कायी झालं त मला मिळतेल, ते कळलं. मला कायी झालं त यांना काय मिळनार?"

अप्पा हसले. "बाईमानसाचा इमा कोन काडतंय, ताई?"

मीही हसलो. हे मला लिहायलाच हवं. मीही हसलो. ती आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, मग चहाचे कप उचलून आत गेली. तो प्रश्न तिने मला पुन्हा कधी विचारला नाही. आणि मी, ज्याने पुढे पंचवीस वर्षं विम्याशिवाय दुसरं काही केलं नाही, त्याने तिच्या नावाने एक साधा विमा कधी उतरवला नाही. तिची कमाई कुठे होती, असा हिशेब मनात असावा. ती गेल्यावर मृत्यूच्या दाखल्याशिवाय एकही कागद माझ्याकडे आला नाही. ती गेल्यामुळे माझं काही नुकसान झालं आहे का, असं मला कुणी विचारलं नाही. मला पैसे नको होते. पण कुणीतरी विचारायला हवं होतं.

अप्पांनी मुलाला फळीवरून एक जुनी डायरी काढायला सांगितली. थुंकी लावून पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवून माझ्यापुढे धरली. माझं नाव, शाळा, कांताचं नाव, आणि खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात: ‘मास्तरांची बाई विचारते, मला काही झालं तर यांना काय? उत्तर देणे बाकी.’

"हासलो त्या दिवशी," अप्पा म्हणाले. "घरी गेलतो आनि जेवन जाईना. बाई बरुबर बोलली आनि आपुन दात काडले. मोठ्या हापिसात जाऊन इचारलं, नियम समजून घेतले. परत आलो तवर तुमी हैदराबादला गेलते. मग मी ठरवलं. ज्या घरात जाईन तिथं बाईला इचारायचं, तुमचा इमा कुठं हाय? लई घरांनी मला हाकलून दिलं, मास्तर. बायकोच्या मरनावर टपलाय म्हनले."

तेवढ्यात दुकानात दोऱ्याची रिळं घ्यायला एक गृहस्थ आले. अप्पांनी त्यांना थांबवून घेतलं. रज्जाकभाई, शेजारच्या गल्लीतले शिंपी. त्यांची बायको ब्लाउज शिवायची. अप्पांच्या नादाने तिचा विमा उतरवला आणि काही वर्षांनी ती आजारात गेली.

"या मास्तरांच्या घरवालीनं इचारलता तो प्रश्न," अप्पांनी त्यांना सांगितलं.

रज्जाकभाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "साब, पैसे आले, पोरींच्या शाळेला गेले, संपले. पर कागद हाय माज्याकडं. त्यावर तिचं नाव हाय. ती गेली आनि या घराचं नुकसान झालं, असं सरळ लिवलेलं हाय. मी कदी कदी काडून वाचतो." ते रिळं घेऊन गेले. मला त्या माणसाचा हेवा वाटला. तिथे पोत्यांच्या मध्ये बसून मला एका शिंप्याचा इतका हेवा वाटला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अप्पांनी ते पाहिल्याचं दाखवलं नाही.

मी अर्ज काढला. अप्पांनी चष्मा लावून वाचला. "प्रज्ञा कोन?"

"मुलगी."

"समोर पायजे."

नियम तोच. मी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन साखरेच्या पोत्यावर टेकवून उभा केला. अप्पांनी तिला अगदी पूर्वीसारखं सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. "बाबा," ती म्हणाली, "करा सही. आई काही रागावणार नाही."

‘कारण’ या ओळीवर मी लिहिलं: पूर्वीच्या वारसाचा मृत्यू. मग सही केली. अप्पांनी खाली साक्षीदाराची सही केली. झालं. चार वर्षं टाळलेलं काम साखरेच्या पोत्याशेजारी चार मिनिटांत झालं, आणि मला मोकळं वाटेल असं वाटलं होतं तसं काही वाटलं नाही. तिचं नाव असलेला माझा शेवटचा कागद संपला, एवढंच वाटलं.

हैदराबाद

परतल्यावर टेबलाशी बसलो आणि पान पुढे ओढलं. आष्टीच्या ‘हो’ उत्तरांचा काही उपयोग नव्हता. सांगण्याजोगी गोष्ट एकच होती: कांताचा प्रश्न. त्याच्यामुळे आराखड्यातलं ते सगळं प्रकरण उलटून जात होतं. आम्ही बायकांची गणती कायम वारस म्हणूनच केली होती. त्या गेल्यावर मागच्यांचं काय, हा प्रश्न आमच्या आराखड्याला पडलाच नव्हता.

प्रश्न कुणाच्या नावावर घालायचा? निघताना अप्पा म्हणाले होते, "माझं नाव घाला पायजे तर. पर माझी पाच वर्सं कोन धरतंय!" रज्जाकभाईंचं नाव घालता आलं असतं. पण प्रश्न त्यांचा नव्हता.

मी लिहिलं. नाव: कांता. व्यवसाय या रकान्यापाशी थोडा अडलो आणि मग ‘घर चालवणे’ असं लिहिलं. गाव: तेलगाव, जिल्हा बीड. काय म्हणाले: मला काही झालं तर यांना काय मिळणार?

मग शेवटचा रकाना. पाच वर्षांनी या व्यक्तीला पुन्हा भेटता येईल का? ‘नाही’वर खूण केली असती तर नियमाप्रमाणे तिचा प्रश्न बाहेर गेला असता, म्हणजे तिसऱ्यांदा. एकदा अप्पांनी आणि मी हसून घालवला होता, एकदा मी आयुष्यभर विसरून घालवला होता. माझ्या टेबलावरून आजवर एकही खोटी खूण पुढे गेलेली नाही.

मी ‘हो’वर खूण केली.

आठवड्याने इंग्रिडबाईंचं पत्र आलं. प्रकरणाची सुरुवात आता कांताच्या प्रश्नाने होते. खाली त्यांनी लिहिलं होतं: पाच वर्षांनी मी स्वतः तेलगावला येईन. या बाईंना मला भेटायचं आहे.

‘जरूर या, जेवायलाच या,’ असं मी कळवलं. त्या येतील तेव्हा त्यांना खरं सांगेन आणि रागावल्या तर ऐकून घेईन. तोवर दर रविवारी उज्ज्वलाने दिलेलं पीठ मळायला घेतो. माझ्या वळकट्या अजून जाड होतात आणि उकळत्या पाण्यात सुटतात. कांताच्या बारीक असायच्या, पेन्सिलीएवढ्या. माझ्याकडे पाच वर्षं आहेत.